डाव्या हाताची जुनी इमारत

“एक वीट! त्या डेंटिस्टच्या इमारतीची एक वीट जरी वर चढली ना, तर मिशी उतरवीन!”

सल्लागारांनी गॅलरीच्या कठड्यावर मूठ आपटली. कपातला निम्मा चहा बशीत आला.

“मिशीचं नंतर बघू,” आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. “गवंड्याला फोन केलात का?”

सल्लागार हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. विमा कंपनीत नोकरी करून उरलेल्या वेळात ते गल्लीला सल्ले देत. कुणाच्या नळाला पाणी कमी येतंय, कुणाच्या मुलीने पुढे काय शिकावं, कुणाच्या कुत्र्याने जेवण का सोडलं, सगळ्यांवर सल्ला तयार! मागावाही लागत नसे. वरून कुंडीतलं पाणी ठिबकावं तसा तो खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर आपोआप पडे. शहाणी माणसं समोरच्या कडेने चालत.

समोरच्या कडेला, गल्लीच्या बंद टोकाशी, बर्फाचा एक जुना कारखाना होता. बरीच वर्षं बंद पडलेला. बसकी इमारत, वर पत्रे. त्या पत्र्यांवरून सकाळचं ऊन घसरत यायचं ते थेट सल्लागारांच्या खुर्चीत. हे ऊन आपल्या मालकीचं आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आणि आता एका डेंटिस्टने तो कारखाना विकत घेतला होता. कारखाना पाडून तो तिथे तीन मजले चढवणार होता! खाली दवाखाना, वर घर. म्हणजे यापुढे सकाळी सल्लागारांना सूर्याऐवजी डेंटिस्टचे वाळत घातलेले पायजमे दिसणार!

बरं, समोर जाऊन भांडावं, तर तीही सोय नव्हती. सल्लागारांच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल ह्याच डेंटिस्टकडे अर्धवट झालेलं. आपल्या दाढेची नस ज्याच्या चिमट्यात आहे, त्याच्याशी उघड वैर कोण घेईल?

आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे मास्तरीणबाईंना, ह्यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि घरी एकच गणित मांडायच्या: बाथरूम वर, त्या खाली, मध्ये जिना आणि दुखरा गुडघा. गेल्या महिन्यात तर त्या जिन्यावरून घसरल्याच होत्या. कठडा हाताला लागला म्हणून बचावल्या. जिन्याखाली एक छोटं बाथरूम काढायचं, हे सल्लागारांनी त्यांना इतक्या वेळा कबूल केलं होतं, की आता ते कबूल करायला लागले की त्या भाजी निवडायला घेत.

“अगं, गवंडी सोमवारपासून येतोय,” सल्लागार म्हणाले. “आधी हे वाच!”

वर्तमानपत्रात पालिकेचं निवेदन छापून आलं होतं. शहरातल्या वारसा स्थळांची नवी यादी करायची आहे. नागरिकांनी जागा सुचवाव्यात. पालिकेची माणसं प्रत्यक्ष येऊन बघतील. वय किती, कारागिरी कशी, इतिहास काय, लोकांचा जिव्हाळा किती. आणि मुख्य म्हणजे, निर्णय होईपर्यंत त्या जागेला तात्पुरतं संरक्षण देता येईल. पाडापाडी बंद!

“पाडापाडी बंद!” सल्लागारांनी ते वाक्य मोठ्याने परत वाचलं.

“छान,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सोमवारी नक्की ना?”

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सल्लागारांनी पालिकेला फोन लावला. आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला.

“वारसा विभाग?”

“हो, बोला.”

“मी एक जागरूक नागरिक बोलतोय.”

“कोण बोलतंय? नीट ऐकू येत नाहीये. तोंडात काही आहे का?”

“तोंडात नाही, तोंडावर. म्हणजे, सर्दी आहे! हे बघा, एक अत्यंत मोलाची इमारत धोक्यात आहे!”

आता इथे सल्लागारांनी डोकं चालवलं, आणि त्यांनी डोकं चालवलं की काहीतरी हमखास बिघडत असे. ‘बर्फाचा कारखाना’ म्हटलं तर ह्यांना वारसा वाटणार नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी कारखान्याचं नावच घेतलं नाही. “गल्लीच्या बंद टोकाला, डाव्या हाताची जुनी इमारत,” ते म्हणाले. “बघताक्षणी ओळखाल!”

सगळं जग गल्लीत शिरतं ते मोठ्या रस्त्याकडून. पण सल्लागारांची गल्ली त्यांच्या स्वतःच्या दारापासून सुरू होत असे. दारातून निघून मोठ्या रस्त्याकडे तोंड केलं, की कारखाना डाव्या हाताला. रस्त्याकडून आत येणाऱ्या माणसाला मात्र कारखाना उजवीकडे, आणि डाव्या हाताची जुनी इमारत म्हणजे... पण पुढचं पुढे.

शनिवारी मास्तरीणबाई शाळेत गेल्या होत्या. सल्लागार गॅलरीत होते. खाली एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी. कारखान्याकडे पाठ आणि तोंड वर, सल्लागारांच्या घराकडे!

‘मागे सरकून फोटो घेणार असेल,’ सल्लागारांनी ताडलं. ते चपला न घालताच खाली धावले.

“पालिकेकडून ना? वारसा? या, या मॅडम! आमच्या घरातून उत्तम दिसतं!”

मॅडम उंबऱ्यापाशी आल्या आणि एकदम थबकल्या. त्यांनी कुणी न सांगता बूट काढले.

“अहाहा!” त्या म्हणाल्या.

सल्लागारांच्या घरची फरशी हा तसा चेष्टेचा विषय होता. एकीसारखी दुसरी नाही! एका फरशीवर वेल निघायची आणि शेजारच्या फरशीवर पोचेपर्यंत तिचा चौकोन व्हायचा. फुलाच्या पाकळ्यांना शेपूट फुटायचं. परीक्षेला बसलेल्या मुलांनी एकमेकांचं न बघता काढलेलं चित्र आहे हे, असं मास्तरीणबाई लग्न होऊन आल्या दिवसापासून म्हणत होत्या. सल्लागारांना ती फरशी दिसतच नसे. माणसाला स्वतःचं नाक दिसत नाही तसंच ते.

“हे अजून इतकं शाबूत आहे?” मॅडमनी विचारलं.

“शाबूत? ठणठणीत आहे!” खिडकीतून समोरच्या कारखान्याकडे हात करत सल्लागार म्हणाले. मॅडमची मान खालीच होती. मुलगी लाजाळू दिसते, असं त्यांना वाटलं.

“कुणी केलं हो हे?”

“होता एक विक्षिप्त माणूस. घरचे नको नको म्हणत होते, तरी जन्म घालवला त्याच्यात!”

मॅडमनी वाकून हात टेकला. “केवढं गार आहे!”

“आता काहीच नाही! पूर्वी आत पाऊल टाकलं की गोठायचं! उन्हाळ्यात सगळी गल्ली इथेच पडीक असायची!”

“सगळी गल्ली?” मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी लिहून घेतलं. “म्हणजे लोकांचा जिव्हाळा आहे.”

“जिव्हाळा? अहो, जीव अडकलाय!”

“तुम्ही इथेच राहता?”

“जन्मापासून.”

“आणि मालक कोण?”

सल्लागारांनी आवाज खाली आणला. “मालक एक डेंटिस्ट आहे. हे सगळं पाडायला निघालाय!”

“अरेरे! आणि तुम्हा राहणाऱ्यांना कुणी विचारलंही नसेल.”

“कोण विचारतं!”

“ते विरोध करतील का?”

“करील! थयथयाट करील! अजिबात लक्ष देऊ नका. त्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. गाढव आहे, गाढव!”

“मग तात्पुरतं संरक्षण लगेच लावायला हवं,” मॅडम गंभीर होऊन म्हणाल्या.

“आजच्या आज! एक खिळा ठोकू देऊ नका त्याला!”

मॅडमनी ओणवं होऊन फरशीचे भराभर फोटो काढले. सल्लागारांना त्याचं जरा नवल वाटलं. पण सरकारी कामाची पद्धत आपल्याला काय ठाऊक, म्हणून ते गप्प बसले. आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि तेही चुकीच्या वेळी!

सोमवारी सकाळी मास्तरीणबाई शाळेला निघाल्या. गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन जिन्याखाली बसला, आणि सल्लागार दाढ दाखवायला डेंटिस्टच्या जुन्या दवाखान्यात गेले. हा डेंटिस्ट गोल चेहऱ्याचा, आनंदी माणूस. पेशंटचं तोंड उघडं असताना गप्पा मारणं हा त्याचा सर्वांत मोठा छंद. मध्ये बोलून कुणी अडवत नाही ना!

त्याने इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला आणि म्हणाला, “आज एक गंमत झाली. मला पालिकेची नोटीस आलीय.”

सल्लागारांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. “आँ?” त्यांनी शक्य तितक्या निरागसपणे विचारलं.

“जरा मोठा आ करा. हां. लिहिलंय, ‘गल्लीच्या टोकाची, डाव्या हाताची दुमजली इमारत.’ आता माझा कारखाना दुमजली आहे का? ‘तळमजल्यावर दुर्मिळ नक्षीच्या फरश्या.’ माझ्याकडे कुठल्या फरश्या? उंदीर आहेत! फरश्या तर तुमच्याकडे!”

“आँ?”

“पुढे ऐका तर! ‘स्थानिक रहिवाशांच्या म्हणण्यानुसार मालक गाढव...’ नाही, गाढव खोडलंय. ‘मालक अनभिज्ञ असून वास्तू पाडण्याच्या विचारात आहे.’ आणि मालक म्हणून माझं नाव! काय अंदाधुंदी आहे! घर तुमचं, अनभिज्ञ मी!”

“आँ! आँ! आँ!”

“दुखतंय का?”

“आँ!”

“झालंच आता. शेवटी लिहिलंय, ‘आजपासून सदर घरात कसलीही तोडफोड केल्यास कारवाई करण्यात येईल.’ आज आदेश डकवायला माणूस येणार आहे म्हणे तुमच्या... अहो! अहो, कुठे निघालात? दाढ उघडी आहे!”

गळ्याला रुमाल, गालात कापूस, अर्धा चेहरा बधिर, अशा अवतारात सल्लागार रस्त्यावरून धावत सुटले. लोक बाजूला झाले. कुणाला वाटलं चोर पळतोय, कुणाला वाटलं दाढ!

ते दारात पोचले तेव्हा पालिकेचा माणूस खळीची बादली घेऊन दारावर आदेश डकवत होता. आत जिन्याखाली गवंड्याने छिन्नी फरशीवर टेकवली होती आणि हातोडा वर उचलला होता.

‘थांबा!’ असं सल्लागार जिवाच्या आकांताने ओरडले. निदान त्यांच्या मनात तरी तेच होतं. पण बधिर ओठांतून बाहेर पडलं ते असं:

“हांहा! हांहा!”

गवंड्याने मान वर केली. “काय म्हणताय मालक? हाणा?”

“हांहा!” सल्लागार दोन्ही हात वरखाली करत किंचाळले.

“बरं, तुम्ही म्हणताय तर हाणतो!” आणि त्याने हाणला.

खण्ण! एका फरशीला आरपार तडा गेला.

पालिकेच्या माणसाचा खळीचा ब्रश हवेतच राहिला. “वा! मी इथे आदेश डकवतोय आणि तुम्ही समोर उभं राहून फोडताय! वर ‘हाणा, हाणा’ म्हणून चिथावणी!”

“हांही! ही हांहा हहहो!” सल्लागारांनी खुलासा केला.

“आता शिव्या द्यायला लागले!” म्हणत त्या माणसाने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत जीभ जाग्यावर आली, पण तोवर तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरीणबाई शाळेतून आल्या. त्यांनी दारावरचा आदेश शांतपणे शेवटपर्यंत वाचला, उत्तरपत्रिका वाचतात तसा. मग आत आल्या. जिन्याखाली छिन्नी पडली होती, गवंडी पळून गेला होता.

“हे कुणी सुचवलं असेल हो?”

“असेल कुणीतरी रिकामटेकडा,” सल्लागार छताकडे बघत म्हणाले.

“गल्लीत तसा एकच आहे.”

आणि त्या जिन्याकडे वळल्या. कठडा धरून, एकेक पायरी मोजत वर गेल्या. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी गुडघा चोळला. सल्लागार खालून बघत होते. आजवर त्यांना ती पायरी आणि तो थांबा कधी दिसलाच नव्हता. आपण उन्हासाठी भांडायला गेलो आणि हिचं बाथरूम घालवून बसलो, हे एकदम त्यांच्या ध्यानात आलं, आणि दाढेपेक्षा ते जास्त ठणकलं.

“मी हरकत घेईन!” ते खालून ओरडले. “सुनावणीला जाईन! आपलं घर भंगार आहे हे सिद्ध करून दाखवीन!”

“तेवढं जमेल तुम्हाला,” वरून उत्तर आलं.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. मधोमध अध्यक्ष, एक निवृत्त इंजिनिअर, चष्मा कपाळावर. बाजूला त्या मॅडम, समोर फोटोंचा गठ्ठा. मास्तरीणबाई शाळेतून अर्धी रजा काढून आल्या होत्या आणि मागच्या बाकावर बसल्या होत्या. डेंटिस्टही आला होता. आपण ज्या घराचे मालक आहोत ते घर निदान कळावं तरी, म्हणून!

“अध्यक्ष महाराज!” सल्लागारांनी घसा साफ केला. “ह्या घरात जपण्यासारखं काहीही नाही! जिना वाकडा, खिडक्या कुरकुरतात, आणि फरशी म्हणजे तर...”

“एक मिनिट,” मॅडम उठल्या. “तुम्हीच ना ते? भाडेकरू?”

“भाडेकरू नाही. मी मालक आहे.”

“पण तुम्ही तर म्हणालात, मालक डेंटिस्ट आहे! आणि...” मॅडमनी कागद वर धरला. “‘एक खिळा ठोकू देऊ नका. जीव अडकलाय. मालक थयथयाट करील, लक्ष देऊ नका. गाढव आहे.’ हे सगळं तुमचंच बोलणं आहे!”

सभागृहात खसखस पिकली.

डेंटिस्ट उभा राहिला. “गाढव मी?”

“नाही हो,” सल्लागार घामाघूम होऊन म्हणाले. “म्हणजे, तेव्हा तुम्ही होतात. आता मी आहे!”

मग सगळंच बाहेर आलं. रुमाल, फोन, डावा हात, समोरचा कारखाना, सकाळचं ऊन, सगळं. मागच्या बाकाकडे बघायची सल्लागारांची छाती होईना.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “तुम्ही काय सुचवलंत ते जाऊ द्या. घर मात्र खरं आहे. फरशीबद्दल बोला. त्या आल्या कुठून?”

“त्या रिजेक्ट मालातल्या आहेत!” सल्लागारांना हुरूप आला. “नापास झालेल्या फरश्या! माझे वडील फरशीच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचे. रंग पसरला, साचा सरकला, की ती फरशी बाद. नदीपलीकडच्या खड्ड्यात टाकून द्यायची. तसला माल आहे हा! त्याचं कसलं संरक्षण?”

“टाकून द्यायची, तर मग घरी कशी आली?”

“वडिलांना टाकवायची नाही ना! ते आधी बोटाने वाजवून बघायचे. नाद खणखणीत असला, तर नुसत्या रंगापायी तिला खड्ड्यात कशी घालायची, म्हणायचे. परवानगी काढून एखादी घरी आणायचे. सायकलवरून. रस्त्यात तिचा कोपरा उडू नये म्हणून स्वेटर काढून तिला गुंडाळायचे, आणि स्वतः थंडीत कुडकुडत यायचे. आई चिडायची! एकीला एक जुळत नाही, लोक हसतील. तर म्हणायचे, तुझी नि माझी तरी पत्रिका कुठे जुळली होती?”

अध्यक्ष हसले. सल्लागारांचं लक्ष नव्हतं.

“नवी फरशी आली की रात्रीचं जेवण बाजूला. सगळ्यांनी बसून ती कुठे बसवायची ते ठरवायचं. खिडकीखाली एक निळी आहे, तिच्यातला रंग ओघळलाय. मला ताप आला की मी तिच्यावर गाल टेकून पडायचो. त्या ओघळात मला बोट दिसायची. शिडाची बोट. वडिलांनी ती मुद्दाम माझ्या उंचीला, म्हणजे निजलेल्या माणसाच्या उंचीला... खिडकीखाली... तिथे दुपारी सावली...”

ते थांबले.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, “आपण हरकत मांडताय की बाजू?”

“मलाही कळेनासं झालंय, साहेब.”

मॅडम उठल्या. त्यांनी सांगितलं, तो फरशीचा कारखाना केव्हाच बंद पडला. साचे भंगारात गेले. चांगल्या फरश्या ज्या घरांत बसल्या ती घरं पाडून झाली. त्या कारखान्यात काय काय घडत होतं, कुठल्या नक्षीचे प्रयोग होत होते, ते शहरात आता एकाच ठिकाणी बघायला मिळतं, ते म्हणजे ह्यांच्या घरात. “आणि तेसुद्धा,” त्या म्हणाल्या, “टाकून द्यायचं होतं म्हणून उरलं.”

मागच्या बाकावर हालचाल झाली. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “फरशीशी माझं भांडण नाही. माझं भांडण जिन्याशी आहे. घर यादीत गेलं की मी जन्मभर आंघोळीला जिना चढायचा का?”

“छे हो!” मॅडम चकित झाल्या. “यादीत घातलं म्हणजे घर काचेच्या कपाटात ठेवलं असं नाही. तुम्ही राहायचंच आहे त्यात. फक्त काही बदलायचं असेल तर आधी आम्हाला विचारायचं. जिन्याखाली ना? तिथल्या चारपाच फरश्या आमचा कारागीर न फोडता उचलून देईल. बाथरूम झालं की त्याच दाराशी परत बसवायच्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?” सल्लागार उसळले.

“कुणी विचारलंच नाही! सगळे येतात ते हरकत घेऊनच येतात.”

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्याने पानभर आकडेमोड करून उत्तर शून्य काढल्यावर बघतात, तसं.

हरकत मागे घेतली गेली. घर यादीत गेलं. उठता उठता अध्यक्ष डेंटिस्टला म्हणाले, “तुम्ही समोर बांधताय ना? वारसा घराच्या समोरची इमारत त्याच्याहून उंच नेता येत नाही. दोनच मजले मिळतील.”

सल्लागारांच्या मनात ऊन पडलं. पण लगेच त्यांना आपली उघडी दाढ आठवली आणि त्यांनी चेहरा होता होईल तो दुःखी केला. बाहेर व्हरांड्यात डेंटिस्ट ताडताड त्यांच्या अंगावर आला. सल्लागारांनी डोळे मिटले, आणि डेंटिस्टने त्यांना कडकडून मिठी मारली!

“काय उपकार केलेत!” तो कानाशी कुजबुजला. “तिसरा मजला मेव्हण्यासाठी होता! कायमचा राहायला येत होता. बायकोपुढे नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. आता पालिकाच नाही म्हणतेय! या उद्या, तुमची दाढ अशी भरतो की बघत राहाल!”

महिन्याभरात जिन्याखालचं बाथरूम झालं. फरश्या उचलल्या गेल्या, पुसल्या गेल्या, दाराशी परत बसल्या. तडा गेलेलीसुद्धा. मास्तरीणबाईंनी पहिल्या दिवशी नळ सोडून नुसताच पाण्याचा आवाज ऐकला आणि गाणं गुणगुणल्या. ते गाणं सल्लागारांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

त्याहून नवल पुढेच होतं. इतकी वर्षं ज्या फरशीला नावं ठेवली, तिच्याकडे मास्तरीणबाई आता मान वाकडी करून तासन्‌तास बघू लागल्या. “अहो, ह्यात किती गणित आहे!” त्या म्हणाल्या, आणि एका शनिवारी अख्खा वर्गच घरी घेऊन आल्या. मुलं-मुली फरशीवर पालथी पडून आकृत्या उतरवून घेऊ लागली. वारसावाल्या मॅडमही आल्या होत्या, त्या त्यांच्यातच ओणव्या.

सल्लागारांनी ह्या दिवसासाठी खास तयारी केली होती. इस्त्रीचा सदरा, हातात दाखवायला छडी, आणि ‘आमच्या घराचं वारसा-माहात्म्य’ ह्या विषयावर भाषण. ते खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि घसा साफ केला.

“काका, जरा सरका ना,” पायापाशी पडलेली एक मुलगी म्हणाली. “तुम्ही माझ्या षटकोनावर उभे आहात.”

सल्लागार सरकले. ते दुसऱ्या मुलाच्या वेलीवर आले. तिथून सरकले तर कुणाच्या तरी फुलावर. असे सरकत सरकत ते उंबऱ्याबाहेर पोचले. बाहेर पायरीवर अख्ख्या वर्गाचे बूट एकमेकांवर चढून पडले होते. काहीतरी करायला हवं म्हणून ते खाली बसले आणि जोड्या लावू लागले.

“बाई,” आतून त्याच मुलीचा आवाज आला, “ते छडीवाले काका कोण आहेत?”

सल्लागारांनी कान टवकारले. हातातला बूट तसाच धरून त्यांनी मान जराशी ताठ केली.

“ते होय?” मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. “ते बूट सांभाळतात.”